स्वीकारबिंदू

पहिल्याच बैठकीत कंपनीने शेवटचा प्रस्ताव टेबलावर ठेवला.

हेमलता घरतला हसू आलं. एकवीस वर्षं ती पश्चिमा एअरवेजच्या हँगरमध्ये विमानांची चाकं आणि विमानं ज्यांवर उभी असतात ते पाय तपासत होती. त्यातली नऊ वर्षं ती कामगार संघटनेची सरचिटणीस होती. तिच्या हातून दोन करार झाले होते, पहिल्याला सात महिने लागले होते आणि दुसऱ्याला अकरा. पहिल्या बैठकीत कंपनी रडणार, दुसरीत संघटना ओरडणार, तिसरीत कोणीतरी खुर्ची मागे ढकलून उठून जाणार, आणि मग कुठे खरं बोलणं सुरू होणार, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"साहेब, चहा तरी येऊ द्या," ती म्हणाली. "शेवटचा प्रस्ताव शेवटी द्यायचा असतो."

समोर मनुष्यबळ विभागाचे उपाध्यक्ष माधव सरपोतदार बसले होते. एरवी तिच्या असल्या बोलण्यावर ते मिशीतल्या मिशीत हसत. आज त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"घरतबाई, यात एक स्वल्पविरामही बदलणार नाही. वाचून घ्या."

कंपनी अडचणीत आहे हे कोणी नाकारत नव्हतं. अडतीस विमानांपैकी अकरा विमानं इंजिनातल्या दोषामुळे जमिनीवर होती. भाड्याने आणलेली चार विमानं त्यांच्या मालकांनी परत नेली होती. पनवेलजवळच्या विमानतळावर, हँगरच्या मागच्या बाजूला, इंजिनं काढून घेतलेली विमानं ओळीने उभी होती आणि पारव्यांनी त्यांत घरटी केली होती. कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटाने अट घातली होती की कामगारांशी नवा करार करा, तरच पुढचं बघू.

हेमलता वाचू लागली. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

दोनच दिवसांपूर्वी संघटनेच्या सात जणांची समिती मेहरून्निसाच्या घरी बसली होती. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवले होते. अगदीच गळ्याशी आलं तर काय सोडायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यातलं काहीही कागदावर लिहिलं नव्हतं. पगारात बारा टक्के कपात, त्यापुढे नाही. दोन वर्षं बढत्या बंद. आणि तिसरी गोष्ट बोलताना सगळ्यांचे आवाज खाली आले होते. सामान चढवणारे एकशे अठरा कंत्राटी कामगार होते. ते संघटनेचे सभासद नव्हते. कंपनीने त्यांना काढलं तर आपण निषेधाचं पत्र द्यायचं, पण त्यावर करार मोडायचा नाही, असं ठरलं होतं.

समोरच्या कागदावर बारा टक्के होते. बढत्या दोन वर्षं बंद होत्या. एकशे अठरा कंत्राटी कामगार कमी करण्यात येणार होते. आईवडिलांचा दवाखान्याचा विमा, ज्याच्यासाठी समिती संपावर जायला तयार होती, त्याला कंपनीने हातही लावला नव्हता.

आपण कुजबुजत बोललेलं वाक्य कोणीतरी आपल्याच तोंडावर मोठ्याने वाचून दाखवावं तसं तिला झालं. तिने कागद उलटा करून ठेवला.

"आम्ही विचार करून सांगतो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही.

संध्याकाळी समिती उपाहारगृहाच्या माळ्यावर जमली. टायर विभागातला बाळाराम कडू म्हणाला, "सातच जण होतो. भिंतींनी तर सांगितलं नाही ना?"

सगळे एकमेकांकडे बघायचं टाळत होते. आणि मग हळूहळू, कोणी ठरवलं नसताना, सगळ्यांच्या नजरा मेहरून्निसा वाडकरकडे वळल्या. तिचा भाचा मनुष्यबळ विभागात कारकून होता. बैठक तिच्या घरी झाली होती.

मेहरू आणि हेमलता एकाच आठवड्यात कामाला लागल्या होत्या. मेहरू विमानातल्या खुर्च्या आणि त्यांची आवरणं दुरुस्त करण्याच्या विभागात होती. हेमलताच्या बाळंतपणात मेहरूने तिच्या पाळ्या केल्या होत्या, आणि मेहरूचा नवरा गेला तेव्हा हेमलता तिच्या घरी चाळीस दिवस रोज डबा घेऊन जात होती.

"मेहरू, तुझा भाचा त्या दिवशी घरी होता का?" हेमलताने विचारलं.

"होता की. आत झोपला होता. का?"

"काही नाही. मी फक्त विचारतेय."

मेहरूने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "एकवीस वर्षांत तू मला कधी 'फक्त' विचारलं नव्हतंस, हेमा."

तिने पिशवी उचलली, समितीच्या वहीत आपल्या नावावर रेघ मारली आणि जिना उतरून गेली. तिला थांबवायला कोणी उठलं नाही. हेमलताही उठली नाही.

दुसरी बैठक पहिलीसारखीच झाली, फक्त चहा आला. बाहेर पडताना सरपोतदारांनी तिला जिन्यापाशी गाठलं. आजूबाजूला कोणी नाही हे त्यांनी पाहून घेतलं.

"घरतबाई, तुमच्यातलं कोणी फुटलेलं नाही. उगाच माणसं तोडू नका."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"माहितीचा अर्ज करा. कायद्याने मला उत्तर द्यावंच लागेल."

तो कायदा दोन वर्षांपूर्वी आला होता. एखाद्या यंत्राने माणसाबद्दल काही अनुमान काढलं असेल, तर ते त्या माणसाला मागता येत असे आणि ते समजावून सांगायला जबाबदार व्यक्तीला समोर बसावं लागे. हेमलताने अर्ज केला. नवव्या दिवशी तिला एका लहानशा खोलीत बोलावणं आलं. तिथे साठीचा एक सडपातळ गृहस्थ बसला होता. डॉक्टर निरंजन ओगले. 'सहमती' नावाची प्रणाली त्यांनी बनवली होती आणि कंपनीने ती भाड्याने घेतली होती.

"तुम्ही विमानाचे पाय तपासता ना?" त्यांनी विचारलं. "मीही पंचवीस वर्षं तेच केलं. पंखाच्या धातूत तडा कधी जाईल हे मोजायचो."

"मग माणसांत कशाला आलात?"

ओगल्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना समजावून सांगायची मनापासून आवड होती हे त्यांच्या हातवाऱ्यांवरूनच दिसत होतं.

"धातू कधी तुटणार हे सांगायला त्याच्या आत शिरावं लागत नाही. त्याला आजवर किती धक्के बसले आणि प्रत्येक धक्क्यानंतर तो किती वाकला, किती सावरला, एवढं माहीत असलं की पुरतं. तुमच्या हातात पट्टा आहे. पट्टा काय मोजतो? नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, तळहाताचा ओलावा, झोप. सहा वर्षं हे मोजलं जातंय. या सहा वर्षांत कंपनीने कितीतरी सूचना लावल्या. रजा नाकारली, बसची वेळ बदलली, उपाहारगृहातला नाश्ता बंद केला. प्रत्येक सूचनेनंतर तुमची नाडी किती चढली आणि किती तासांनी शांत झाली, याची नोंद आहे. तुम्ही पाळी कोणाशी बदलली, कधी तक्रार केली, कधी करायची टाळली, तेही आहे. यातून प्रत्येक माणसाची एक रेषा निघते. एका बाजूला तो नक्की नाही म्हणेल, दुसऱ्या बाजूला नक्की हो म्हणेल. मध्ये कुठेतरी हो म्हणण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. त्याला आम्ही स्वीकारबिंदू म्हणतो."

"आणि आमची बैठक?"

"तुमच्या बैठकीत काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नव्हतं. अजूनही नाही. सात माणसांच्या रेषा एकत्र केल्या, कोण कोणाचं ऐकतं हे त्यात धरलं, की ती सात माणसं काय ठरवतील ते निघतं. ते आम्ही काढलं."

"त्या एकशे अठरा जणांचंही?"

"हो," ओगले म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर खाली केली. "तेही."

हेमलताने मनगटावरच्या करड्या पट्ट्याकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी सलग दुसरी पाळी करणारा एक तंत्रज्ञ पेंगला होता आणि चाकाच्या पोकळीत पाना विसरला होता. विमान उडायच्या आधी तो सापडला म्हणून निभावलं. त्यानंतर थकवा मोजणारे पट्टे द्या ही मागणी संघटनेनेच केली होती. करारातलं सतरावं कलम तिला आठवलं. 'सुरक्षितता व मनुष्यबळ नियोजन यांसाठी.' पहिल्या शब्दासाठी तिने चार महिने भांडण केलं होतं. दुसरे दोन कंपनीने शेवटच्या दिवशी घातले होते, आणि आनंदाच्या भरात तिने त्याखाली सही केली होती.

"आम्ही सगळ्यांनी पट्टे काढून फेकले तर?"

"पट्ट्याशिवाय तुम्हाला विमानाला हात लावता येणार नाही, तो आता सरकारी नियम आहे. आणि काढले तरी सहा वर्षांची नोंद आहेच. पट्टे काढण्याची चळवळ कोणत्या आठवड्यात होईल आणि किती दिवस टिकेल, तोही आकडा माझ्याकडे आहे." हे सांगताना ओगल्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती. "पोलादाला एक मर्यादा असते, बाई. त्याखालचा भार कितीही वेळा द्या, ते तुटत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. भार लहान असला तरी पुरेशा वेळा दिला की तडा जातो. मला वाटत होतं माणसांत निदान काही पोलादी निघतील. मी शोधली. अजून सापडली नाहीत."

त्यांनी तिचं पान तिच्यापुढे सरकवलं. वळणदार रेषा होती, खाली आकडे होते आणि तळाशी एक ओळ होती. 'वैयक्तिक प्रस्ताव: आवश्यक नाही.'

"याचा अर्थ काय?"

"काही लोकांना करार मान्य होण्यासाठी आणखी काही लागेल. त्यांना तसं पत्र जाईल. तुम्हाला काही द्यायची गरज नाही."

"का? मी इतकी स्वस्त आहे?"

"नाही, नाही. तुमचा बिंदू सगळ्यांत वर आहे. एकट्या असतात तर तुम्ही सही केलीच नसती." ओगले अवघडले. "पण तुम्ही लोकांना सोडून जात नाही. बाकीच्यांना करार हवासा झाला की तुम्ही त्यांच्यासाठी सही कराल."

हेमलता उठली. दार जोरात आपटायचं तिच्या मनात होतं, पण ते आपोआप हळू बंद होणारं दार होतं.

त्याच दुपारी ती मेहरूच्या विभागात गेली. मेहरू रजा टाकून गावी गेली होती. फोन केला तर लागत नव्हता. 'माझं चुकलं' एवढं हेमलताने लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. दोन हजार एकशे चाळीस कामगारांपैकी सुमारे नऊशे जणांना, प्रत्येकाला वेगळं. संपाच्या बाजूने बोलणारे बहुतेक सगळे त्यात होते. पत्रांची भाषा सौम्य होती, त्यांत धमकी कुठेच नव्हती. सामूहिक करारावर महिनाअखेरपर्यंत संघटनेची सही झाली, तर आपल्याला पुढील सोय देण्यात येईल, एवढंच. सही झाली नाही, तर पत्र रद्द.

हेमलता ही पत्रं दाखवा म्हणून लोकांना विचारत फिरली. लोक दाखवत, पण घडी पूर्ण उलगडत नसत. बाळाराम कडूला रात्रपाळी कायमची माफ झाली होती. साखरेमुळे त्याची नजर अधू होत चालली होती, आणि त्याने ते बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. एकीला मुलीच्या शाळेजवळची पाळी मिळाली होती. कोणालाही फार मोठं काही मिळालं नव्हतं. प्रत्येकाला बरोबर तेवढंच मिळालं होतं, जे मागायची त्याला लाज वाटली असती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मेहरू आली. हेमलता विमानाच्या पायाखाली बसून डबा खात होती. मेहरू शेजारी बसली आणि तिने पत्र तिच्या मांडीवर ठेवलं. रत्नागिरीच्या विमानतळावर बदली.

"अम्मीला अंथरुणातून उठता येत नाही, वर्ष होऊन गेलं," मेहरू म्हणाली. "मी कंपनीत कोणाला बोलले नव्हते. एकाआड एक शुक्रवारी पाळी बदलून घेत होते, एवढंच. त्यांना तेवढ्यावरून कळलं. तुला नाही कळलं, हेमा."

"नाही कळलं," हेमलता म्हणाली. "मेहरू, त्या दिवशी मी—"

"ते राहू दे. ते मी रत्नागिरीला गेल्यावर सावकाश रागवीन. आत्ता मला सांग. मी मतदानात नको म्हणू का? तू म्हणालीस तर म्हणेन. अम्मीला बघायला आत्या आहे, कशीतरी बघतेय. तू फक्त एकदा म्हण."

विमानाच्या पोटातून खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ताटलीत थेंब थेंब तेल पडत होतं. हेमलताने तोंड उघडलं. अकरा महिने जिने कंपनीच्या वकिलांना दमवलं होतं, जिच्या एका हाकेवर हँगर रिकामं होत असे, तिला 'नको म्हण' हे दोन शब्द काढता येईनात. अम्मीचा चेहरा तिला माहीत होता. अम्मीच्या हातची फणसाची सांदणं तिने खाल्ली होती.

"जा तू," ती म्हणाली. "अम्मीकडे जा."

मेहरूने मान हलवली आणि तिचा हात दाबला. त्या हाताखाली आपली नाडी पट्ट्यात धडधडतेय आणि कुठेतरी तिची नोंद होतेय, हे हेमलताला जाणवत राहिलं.

तरीही तिने एक प्रयत्न केला. तो विचार तिला बसमध्ये सुचला आणि इतका सोपा वाटला की ती पुढच्याच थांब्यावर उतरून परत हँगरकडे चालत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फाटकाजवळ सभा घेतली. शिडीवर चढून ती म्हणाली, "ऐका. आपण काय निवडणार ते त्या यंत्राला कळतं. आपला प्रत्येक विचार त्याने आधीच करून ठेवलाय. मग आपण निवडायचंच नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या होकाराच्या, निम्म्या नकाराच्या. ज्याला जी येईल तसं त्याने मत द्यायचं. चिठ्ठीत काय निघेल ते जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. कंपनीला खात्री राहिली नाही की तिला पुन्हा आपल्याशी बोलावंच लागेल. मला जिंकायचं नाहीये. मला फक्त त्यांना परत टेबलावर बोलायला लावायचंय."

गर्दीत हसू पसरलं, मग कुजबुज झाली, मग शांतता. तिला वाटलं, पटलंय. इंजिन विभागातली तरुण मुलं तर टाळ्या वाजवू लागली. सुटे भाग ठेवायच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये तिने घडी केलेल्या चिठ्ठ्या ओतल्या.

"मी काढतो आधी," बाळाराम कडू पुढे आला. संघटनेच्या प्रत्येक मोर्चात तो पहिल्या रांगेत असायचा. त्याने ट्रेमध्ये हात घातला, चिठ्ठी उघडली आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"नकार," तो म्हणाला.

बाळाराम ती चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. दोन हजार डोळे त्याच्यावर होते आणि त्याला त्यांतले पुढचे दहाबारा सोडले तर काही नीट दिसत नव्हतं.

"हेमाताई," तो हळूच म्हणाला, "परत काढू का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि तेही लगेच थांबलं. हेमलता शिडीवरून खाली आली. तिने त्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी केली आणि ट्रेमध्ये टाकली.

"राहू दे, बाळारामदादा."

लोक आपापल्या कामाला गेले. जाताना कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतंच बघितलं. ट्रे तिने स्वतः उचलून आत नेला.

मतदानात एक हजार तीनशे बारा जणांनी होकार दिला. सही करायच्या आदल्या दिवशी ती सरपोतदारांच्या खोलीत गेली.

"त्या एकशे अठरा जणांना तरी ठेवा," ती म्हणाली. "आमची कपात बारावरून चौदा करा. मी लोकांना समजावते."

"तुमचे लोक चौदाला तयार होणार नाहीत. एकाच प्रश्नावर सगळे फुटतील, आणि ते परक्यांसाठी." सरपोतदारांनी खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तशीच वळणदार रेषा, आणि वर त्यांचं स्वतःचं नाव. "बँकांनीही तीच प्रणाली लावली होती. आमच्यावर. मी किती माणसं काढायला तयार होईन, कुठल्या आकड्याला राजीनामा देईन, सगळं आहे यात. मी शंभरच्या आत ठेवायचं ठरवलं होतं, बाई. मनाशी अगदी पक्कं केलं होतं. एकशे वीसला मी नोकरी सोडणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून एकशे अठरा जणांचं हेच कंत्राट निवडलं."

समोरच्या धावपट्टीवरून त्यांच्याच कंपनीचं एक विमान उडालं आणि काचा थरथरल्या.

"तुम्ही सोडायला हवं होतंत, साहेब," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "तुम्हीही सही करायला नको."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिने सही केली. नाही करायची, पेन खाली ठेवायचं आणि उठून जायचं, असं तिने खुर्चीत बसेपर्यंत ठरवलं होतं. पण दाराबाहेर लोक उभे होते, खिशात घडी केलेली पत्रं घेऊन. त्यांतल्या कोणीच तिला आग्रह केला नाही. ते नुसते उभे होते.

महिनाअखेरीस कंत्राटी कामगारांनी फाटकावर आपापली ओळखपत्रं जमा केली. हेमलता तिथे जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला शिव्या द्याव्यात असं तिला वाटत होतं, त्यासाठीच ती गेली होती. पण त्यांना समितीच्या बैठकीतलं काहीच माहीत नव्हतं. संघटनेने दिलेलं निषेधाचं पत्र त्यांच्या कानावर आलं होतं. एक वयस्कर माणूस जाता जाता थांबला आणि म्हणाला, "तुम्ही केलंत तेवढं, ताई. आमच्यासाठी कोण करतं!" तिने हात जोडले.

कंपनी वाचली. दीड वर्षात जमिनीवरची आठ विमानं पुन्हा उडाली. मेहरूच्या अम्मीला शेवटचे आठ महिने लेकीचा सहवास मिळाला. "मी सुखात आहे, हेमा," मेहरू फोनवर म्हणाली होती, "आणि मला त्याचीच लाज वाटते." रागवायचं मात्र ती विसरली, किंवा तिने ते कधी मनावर घेतलं नाही. पुढे पुढे फोन कमी होत गेले.

तीन वर्षांनी करार संपला. आता देशातल्या बहुतेक कंपन्या 'सहमती' किंवा तिच्यासारखी प्रणाली वापरत होत्या. करार छापूनच येत, आणि त्यांत कोणाला विशेष तक्रार करावी असं काही नसे. संप ही गोष्ट नव्या मुलांना ऐकूनच माहीत होती. मात्र दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून किमान एक तास चर्चा करावी आणि तिचं इतिवृत्त लिहावं, ही जुन्या कायद्यातली अट काढायची राहून गेली होती.

ठरल्या वेळी हेमलता बैठकीच्या खोलीत आली. समितीत आता तिघंच उरले होते, आणि बाकीच्या दोघांनी सही करून कागद आधीच तिच्याकडे दिला होता. सरपोतदार निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तन्वी कोळंबकर. तिच्याही मनगटावर पट्टा होता.

"बसा ना, मॅडम," ती अदबीने म्हणाली. "करार तुम्ही वाचलाच असेल. आपल्याला फक्त तासभर बसायचंय. तुम्हाला काही काम असेल तर ते करत बसलात तरी चालेल. मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिते."

हेमलताने खुर्ची पुढे ओढली. पिशवीतून वही काढली.

"चर्चा करू की," ती म्हणाली. "लिहून घे. मागणी पहिली. हँगरमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. ती बसवावी."

तन्वीने पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "मॅडम, ते आधीच मंजूर आहे. येत्या सोमवारी बसणार. प्रणालीने गेल्याच आठवड्यात काढलं होतं ते. असल्या गोष्टी तुम्हाला आता मागाव्या लागत नाहीत."

"माहीत आहे."

"मग?"

"मला मागायचंय," हेमलता म्हणाली. "लिही."

मुलगी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बोटं कळफलकावर ठेवली आणि लिहिलं. ते पूर्ण होईपर्यंत हेमलता थांबली, आणि तिने वहीतली दुसरी मागणी वाचायला घेतली.